जीप-पिकअपचा पुढचा भाग नवा केला, तरी स्टेअरिंग पुन्हा थडथडतंय: कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं

लक्षण ठरलेलं असतं. गाडी रिकामी, वेग ताशी ४५ ते ६०. खंबाटकी उतरून सरळ रस्त्याला लागल्यावर किंवा सांगली-मिरज रस्त्यावर एकाच चाकाखाली खड्डा येतो, आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात. स्टेअरिंग हातात राहत नाही, बॉनेट नाचतं, आरशात काही दिसत नाही. वेग तिशीच्या खाली आला की सगळं एकदम शांत. त्या क्षणी स्टेअरिंगशी झुंजू नका आणि ब्रेक दाबून धरू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा आणि वेग हळूहळू उतरू द्या.

यानंतर बहुतेक ठिकाणी तोच क्रम चालतो. टायर बॅलन्सिंग होतं, आठ दिवस बरं वाटतं. मग टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) बदलतात, महिनाभर बरं. मग स्टेअरिंग डॅम्पर (थडथड शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बसवतात, दोन-तीन महिने बरं. आणि पुन्हा पहिल्यासारखं. यातला प्रत्येक उपाय थोडा थोडा खरा असतो, म्हणूनच फसवतो. थडथड एका पार्टमुळे होत नाही. चार-पाच जागी साठलेला थोडा थोडा प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, आणि कमी झालेला कॅस्टर (हा कोन खाली समजावलाय) एकत्र आले की ती सुरू होते. एका जागचा प्ले काढला की बाकीचे काही दिवस गप्प बसतात, एवढंच.

खालची माहिती सीजे-३बीच्या कुळातल्या जुन्या महिंद्रा जीप-पिकअपसाठी आहे: पुढे पाट्यांवर सलग ॲक्सल, चाकाजवळ गोळ्यासारखा बंद नकल (चाकासह वळणारा सांधा), चॅसीच्या आडव्या क्रॉस मेंबरवर बेल क्रँक (उभ्या पिनवर फिरणारा मधला आर्म) आणि त्यातून दोन बाजूंना निघालेले दोन टायरॉड. नंतरच्या काही गाड्यांत बेल क्रँक नाही, त्यांनी तेवढा भाग सोडून वाचावं. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या बोलेरोसारख्या गाड्यांना यातलं फारसं लागू पडत नाही. ही जीप विलिसच्या परवान्यावर बनत होती, त्यामुळे खालचे कोनाचे आणि शिमचे (फटीत घालायच्या पातळ चकत्यांचे) आकडे विलिसच्याच घराण्यातले आहेत. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा शेवटचा माना.

आधी कारण समजून घ्या

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपचा किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो उभा आस, असाच वरच्या बाजूने मागे कललेला असतो. हा कोन म्हणजे कॅस्टर. या गाड्यांना तो ३ अंश लागतो. कॅम्बर (चाकाचा वरून बाहेरचा कल) १.५ अंश आणि किंगपिनचा आतला कल ७.५ अंश. हे दोन्ही ॲक्सलमध्येच घडवलेले असतात, ॲक्सल वाकला नसेल तर बदलत नाहीत. कॅस्टर मात्र बदलतो, आणि आपल्याकडच्या पिकअपमध्ये तो हमखास बदललेला असतो.

कारण मागचे पाटे. द्राक्षांच्या पेट्या, हळदीची पोती, खताच्या गोण्या वाहायच्या म्हणून मागे दोन-तीन जादा पाटे चढवलेले असतात. रिकामी गाडी मागून उचललेली, नाक खाली. हिशेब करून बघा: व्हीलबेस २३०० मिलिमीटर धरला आणि मागचा भाग ५० मिलिमीटर उंच झाला, तर चॅसी सव्वा अंश पुढे झुकते. ३ अंशांतले सव्वा गेले, उरले पावणेदोन. त्यात पुढचे पाटे जुने होऊन बसले असतील तर नाक आणखी खाली जातं. म्हणूनच ही ओळखण्याची पहिली खूण आहे: गाडी रिकामी असताना थडथडते आणि मागे ५०० किलो माल टाकला की गप्प होते, तर कॅस्टर कमी आहे. माल भरल्यावर मागचा भाग बसतो आणि कॅस्टर परत येतो.

उलट चूकही होते. ‘कॅस्टर वाढवला की थडथड जाते’ एवढंच ऐकून ६-७ अंश करून ठेवतात. जास्त कॅस्टरनेही थडथड वाढते, स्टेअरिंग जड होतं, आणि चार चाकांना ताकद असलेल्या गाडीत डिफरन्शियलचं तोंड खाली जाऊन पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. ३ च्या आसपास ठेवा. ४ च्या पुढे जाऊ नका.

तपासणी, गाडी जमिनीवर असताना

बहुतेक जण थेट जॅक लावतात. तिथेच अर्धा प्ले लपतो, कारण चाक लोंबकळलं की लिंकवरचं ओझं जातं. आधी गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टेअरिंग दोन्हीकडे तीन-चार बोटं भरभर हलवायचं, जास्त नाही. दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हाताचा पंजा असा ठेवायचा की अर्धा एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना ‘टक’ असा लागतो. पिटमन आर्मपासून (स्टेअरिंग बॉक्समधून निघालेला आर्म) सुरुवात करा, मग ड्रॅगलिंकचं (तिथून बेल क्रँकपर्यंतची दांडी) मागचं टोक, पुढचं टोक, बेल क्रँक, आतले टायरॉड एंड, बाहेरचे टायरॉड एंड. स्टेअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बोल्ट केलाय तिथेही हात ठेवा. बॉक्सच चॅसीवर हलताना सापडला तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, आधी तेच काम.

मग जॅक. ॲक्सलखाली जॅक आणि दोन्ही बाजूंना घोड्या. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ही चाचणी मिनिटभराची आहे, पण ती न केल्यामुळे किंगपिनच्या दोषासाठी व्हील बेअरिंग बदललेल्या गाड्या खूप सापडतात.

शेवटी चाक हाताने फिरवा. जमिनीवर एक वीट ठेवून तिला टेकवून खिळा रिमच्या काठाजवळ धरा. रिम डावी-उजवी किंवा वर-खाली २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त जात असेल तर त्या रिमवर बॅलन्सिंगचे पैसे घालू नका. नायलॉनचे जुने ६.००-१६ टायर रात्रभर उभ्या गाडीखाली चपटे बसतात. पहिले चार-पाच किलोमीटर थरथर आणि मग नाही, तर ते टायरचं आहे, ॲक्सलचं नाही.

बेल क्रँक: नव्याने केलेला, तरी महिन्यात सैल

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीत सगळ्यात जास्त दोष इथे सापडतो, म्हणून जरा तपशिलात.

बेल क्रँक एका उभ्या पिनवर फिरतो आणि मूळ रचनेत आत सुयांचं बेअरिंग आहे. पिन काढा, पुसून कोरडी करा आणि नख वरून खाली ओढा. सुया चालतात त्या पट्ट्याच्या कडेला नख अडकलं तर पिन गेली. गाडी सरळ जातानाच सर्वांत जास्त वेळ काढते, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी नसते. एकाच बाजूला तिळाएवढ्या रुंद उभ्या रेघा पडतात, सुयांच्या अंतराने एकापुढे एक. सरळ स्टेअरिंगला प्ले आणि वळणावर घट्ट, असं वागणं या रेघांमुळे येतं.

इथे घरगुती उपाय म्हणजे एमआयडीसीतल्या लेथवर पिन टर्न करून घेणं. कुपवाडला किंवा सातारच्या एमआयडीसीत काम सुरेख होतं, माप अचूक येतं, चूक मटेरियलमध्ये होते. हाताशी असतो ईएन-८ या मध्यम कार्बन पोलादाचा बार. त्याची मऊ पिन आणि तिच्यावर कडक सुया: काही आठवड्यांत सुया पिनमध्ये घर करतात. सुयाच ठेवायच्या असतील तर पिन केस-हार्डन होणाऱ्या पोलादाची, उदाहरणार्थ २०एमएनसीआर५ ची, हवी. हीट ट्रीटमेंट करून नंतर ग्राइंड केलेली, वरच्या थराचा कडकपणा ५८ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास. हे जमत नसेल तर सुया काढून फॉस्फर ब्राँझचा बुश ठोका, त्याला ग्रीसची नाळ कोरून घ्या, पिनशी ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवून रीम करा. या जोडीत ईएन-८ ची पिन व्यवस्थित चालते. दर १००० किलोमीटरला ग्रीस मारायचं, तेही जुनं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. पिन क्रॉस मेंबरच्या ज्या भोकात बसते ते भोक अंडाकृती झालं असेल तर मात्र नवी पिनही तिथे डुलणार. ते भोक भरून पुन्हा बोअर केल्याशिवाय सुटका नाही.

ड्रॅगलिंकच्या टोकांत स्प्रिंग आणि बॉलची वाटी असते. पुढच्या टोकाचा प्लग पूर्ण कसायचा, मग अर्धा फेरा मागे आणून नवी स्प्लिट पिन घालायची. स्टेअरिंग बॉक्सकडच्या टोकाला एक पूर्ण फेरा मागे. पूर्ण कसून सोडलेली ड्रॅगलिंक तपासताना ‘शून्य प्ले’ दाखवते आणि रस्त्यावर अडकत चालते.

टायरॉड एंडमध्ये पार्ट नवा आणि घर जुनं ही अडचण. निमुळत्या भोकाला पेन्सिलीच्या शिशाच्या चार उभ्या रेघा मारा, एंड हाताने दाबून थोडा फिरवा, काढा. रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या गेल्या तर बसतोय. फक्त वर किंवा फक्त खाली पुसल्या तर भोक घासलंय. नट कितीही आवळला तरी तो सैल होणार.

किंगपिन बेअरिंग आणि शिम

बंद नकलच्या वर-खाली एकेक टेपर रोलर बेअरिंग असतं आणि टोप्यांखालच्या शिमवर त्याचा ताण ठरतो. हा ताण म्हणजेच या गाडीचा मूळ डॅम्पर. तो गेला की वेगळा डॅम्पर बसवावासा वाटतो.

मोजायची रीत: ॲक्सल शाफ्ट आणि नकलचं ऑइल सील काढलेलं, टायरॉड सुटा. स्टेअरिंग आर्मच्या टायरॉडच्या भोकात हुकाचा ताणकाटा अडकवा आणि आर्मशी काटकोनात सावकाश ओढा. सुरू होतानाचा झटका धरू नका, नकल सलग फिरत असतानाचा आकडा वाचा. तो साडेपाच ते सात किलोच्या दरम्यान हवा. कमी असेल तर शिम काढा, जास्त असेल तर घाला. शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंचाच्या येतात. वर आणि खाली मिळून जाडी जवळपास सारखी वाटा, नाहीतर नकल मध्यावर राहत नाही आणि आतला शाफ्ट तिरका चालतो. सील बसवून मोजलं तर नव्या सीलचं घर्षण आकड्यात मिसळतं, काटा बरोबर दाखवतो आणि बेअरिंग सैल राहतं. सील महिन्याभरात मऊ होतं आणि थडथड परत. पत्र्याच्या डब्यातून कात्रीने कापलेल्या शिमचंही तसंच: कडेची धार काही दिवसांत दबते आणि ताण उतरतो.

नवं बेअरिंग घालताना बाहेरचा कप जुनाच ठेवू नका. तो बाहेर काढायला कंटाळवाणा आहे हे खरं. पण जुन्या कपमध्ये सरळ स्थितीच्या जागी रोलरचे ठसे असतात, नवे रोलर त्याच खाचांत बसतात आणि स्टेअरिंग मध्यावर अडखळतं.

नदीकाठच्या गाड्यांना इथे वेगळं लक्ष द्यावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात ज्या गाड्या ॲक्सलच्या वर पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे नकल आणि हब अजून उघडले नसतील तर आधी ते उघडा. ग्रीस दुधाच्या चहाच्या रंगाचं निघालं म्हणजे पाणी आत शिरलेलं आहे. वरून नवं ग्रीस मारून ते पाणी जात नाही, बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, रोलरवर काळे ठिपके दिसले तर सरळ बदलून टाकायचं.

व्हील बेअरिंग एका ओळीत: चाक फिरवत नट आवळा, चाक अडखळलं की सहावा भाग फेरा मागे, लॉक वॉशर, बाहेरचा नट, वॉशरची जीभ दुमडा.

पावडर कोटिंगने केलेलं नुकसान

ज्या गाडीचा पुढचा भाग नुकताच पूर्ण उतरवून, ब्लास्टिंग करून, चकाचक रंगवून जोडलाय, तिला ५००-१००० किलोमीटरवर थडथड लागली तर हे पहिलं बघा. पाट्याची बैठक, यू-बोल्टखालची प्लेट, स्टेअरिंग बॉक्सचा माउंट, बेल क्रँकची बैठक: या जागांवर पावडर कोटिंगचा किंवा रंगाचा जाड थर राहिला असेल तर तो ओझ्याखाली दबतो, यू-बोल्ट सैल होतात आणि ॲक्सल पाट्यावर सरकायला लागतो. रंगवण्यापूर्वी एकमेकांवर बसणाऱ्या या सगळ्या जागा टेप लावून झाका, जोडताना फक्त प्रायमरचा पातळ हात. यू-बोल्ट नवे घ्या, जुने एकदा ताणलेले असतात. फुलीच्या क्रमाने आवळा, गाडी १०० किलोमीटर मालासह चालवा आणि पुन्हा आवळा. हे दुसरं आवळणं जवळपास प्रत्येक जण विसरतो. शॅकलच्या बुशांत काहींचे आटे उलटे असतात. हाताने दोन-तीन फेरे फिरत नसेल तर पाना लावू नका.

ब्लास्टिंगनंतर रंगाआधी चॅसी उजेडात बघा. स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांच्या भोकांपासून निघालेली केसासारखी चीर आणि पुढच्या क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यातली चीर, या दोन नेहमीच्या जागा. चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे जाणार नाही, ‘व्ही’ कोरा, वाळवलेल्या ७०१८ रॉडने वेल्ड करा आणि आतून तिरक्या टोकांची पट्टी लावा. बॅटरीची तार आधी सोडा. लांबी (पुट्टी) भरून चीर झाकलेली चॅसी दिसायला सुंदर असते, आणि एका खड्ड्यात बॉक्स सुटतो.

बॉनेट आणि मडगार्डमधली फट डावीकडे बोटभर आणि उजवीकडे कागदभर येत असेल तर पत्रा ठोकत बसू नका. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या हँगर बोल्टांमधले दोन्ही कर्ण मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे चॅसी पिळलेली आहे. ग्रिल, मडगार्ड, बॉनेट तिच्यावर कधीच नीट बसणार नाहीत, आणि चाकंही.

कॅस्टर मोजणं आणि सुधारणं

वरची सगळी कामं झाल्यावरच. गाडी रिकामी, टायरमध्ये सारखी हवा, फरशी पाण्याच्या नळीने तपासलेली. किंगपिनच्या टोपीच्या सपाट भागावर चुंबकाचा कोनमापक पुढे-मागे लावा. आकडा दीडच्या आसपास असेल तर आधी मागचे जादा पाटे खरंच लागतात का ते ठरवा. लागत असतील तर पुढे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये वेज (निमुळती पाचर) घाला. या जीपमध्ये ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून वेजची जाड बाजू पुढे. कुणी पाटे ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच केली असेल तर जाड बाजू मागे. वेज पोलादाचा घ्या, ॲल्युमिनियमचा ठोक्यांनी चपटा होतो. मधल्या बोल्टचं डोकं वेजच्या भोकातून जाऊन ॲक्सलच्या खाचेत पूर्ण बसायलाच हवं. २ अंशांपेक्षा जाड वेज लावू नका. तेवढं लागत असेल तर पाटेच बदलायची वेळ आलीय.

त्यानंतर स्टेअरिंग बॉक्स, चाकं अगदी सरळ ठेवून. जुना कॅम-लिव्हरचा बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट असतो. कडेला वळवून स्क्रू कसला तर मध्यावर जॅम होतो आणि कॅम कायमचा खराब होतो. ड्रॅगलिंक सोडून स्क्रू इतकाच कसा की मध्यावर हलकासा अडथळा जाणवेल.

टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत झुकलेपणा, सगळ्यात शेवटी. दोन्ही टायरवर खिळ्याने मधोमध रेघ मारा, गाडी हाताने पुढे ढकलत थांबवा (मागे घेऊ नका, प्ले उलट्या बाजूला जातो) आणि हबच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर मोजा. पुढचं १.२ ते २.४ मिलिमीटरने कमी हवं. बेल क्रँकच्या गाडीत दोन टायरॉड असल्याने आधी बेल क्रँक मध्यावर, मग दोन्ही बाजू सारख्या फिरवा, नाहीतर टो बरोबर येतो पण गाडी एका बाजूला जास्त वळते.

डॅम्पर लावायचाच असेल तर आता लावा, डॅम्परशिवाय ६०० किलोमीटर शांत चालल्यावर. डॅम्पर काढला की थडथड परत येत असेल तर वरच्यातलं एखादं काम राहून गेलंय, आणि आमच्या पाहण्यात ते बहुतेक वेळा बेल क्रँकची पिन किंवा किंगपिनचा ताण असतो.